नल-तपासणी चुकवणारा क्वेरी ऑप्टिमायझर: दोष कसा शोधावा आणि कसा दुरुस्त करावा

ग्राहक नावाच्या टेबलात तीन नोंदी आहेत: १, २ आणि ३. मागणी नावाच्या टेबलात एकच नोंद आहे आणि ती ग्राहक १ ची आहे. दोन्ही टेबलांतील क्रमांक हा कॉलम नॉट नल म्हणून जाहीर केलेला आहे. ज्यांनी एकही मागणी नोंदवलेली नाही असे ग्राहक शोधण्यासाठी पुढील क्वेरी लिहिली जाते:

सिलेक्ट ग्रा.क्रमांक
फ्रॉम ग्राहक ग्रा लेफ्ट जॉइन मागणी मा ऑन मा.ग्राहक = ग्रा.क्रमांक
व्हेअर मा.क्रमांक इज नल;

उत्तरात २ आणि ३ यायला हवेत. सदोष ऑप्टिमायझर (क्वेरी कशी चालवायची हे ठरवणारा डेटाबेसचा भाग) मात्र एकही नोंद देत नाही. एरर येत नाही, लॉगमध्ये काही उमटत नाही, आणि उत्तर रिकामे असल्यामुळे वापरणाऱ्याला वाटते की सर्वच ग्राहकांनी मागणी नोंदवली आहे. अशा दोषावर प्रथमच काम करणाऱ्यांसाठी हा लेख आहे. वाचकाला एसक्यूएल येते आणि डेटाबेसचा सोर्स कोड बिल्ड करता येतो, एवढेच येथे गृहीत धरले आहे.

सुरुवातीला ऑप्टिमायझरची बाजू समजून घेऊ. त्याने असा विचार केला: क्रमांक हा कॉलम नॉट नल आहे, म्हणून तो नल असणे शक्य नाही, म्हणून अट कायम असत्य आहे, म्हणून टेबले वाचण्याचीही गरज नाही. एकाच टेबलावरील क्वेरीसाठी हा विचार अगदी बरोबर आहे आणि उपयोगीही आहे. पोस्टग्रेस या डेटाबेसाच्या २०२४ साली आलेल्या १७ व्या आवृत्तीत नेमकी हीच सुधारणा झाली: नॉट नल कॉलमवरील इज नॉट नल ही अट गाळली जाते, आणि इज नल असेल तर स्कॅनच वगळला जातो. गडबड लेफ्ट जॉइनमुळे होते. नॉट नल हे बंधन टेबलात साठवलेल्या नोंदीबद्दल आहे. जोडीदार न मिळालेल्या डाव्या नोंदीसमोर जॉइन जे नल भरतो ते कोणत्याही टेबलातून आलेले नसतात, त्यामुळे त्यांना ते बंधन लागू नाही. कॉलम टेबलात नल असू शकत नाही ही एक गोष्ट आहे, आणि क्वेरीच्या या ठिकाणी तो नल असू शकत नाही ही दुसरी. या प्रकारच्या बहुतेक दोषांमध्ये या दोन गोष्टींची गल्लत झालेली असते. पुढच्या सर्व पायऱ्या हीच गल्लत नेमकी कुठे झाली हे शोधण्यासाठी आहेत.

पायरी पहिली: आधी तर्क पक्का करा

कोड उघडण्यापूर्वी एसक्यूएलचा तीन मूल्यांचा तर्क हातात बसला पाहिजे. एडगर कॉड यांनी १९७० मध्ये रिलेशनल मॉडेल मांडले आणि १९७९ च्या निबंधात नलसाठी सत्य, असत्य आणि अज्ञात अशा तीन मूल्यांचा विचार मांडला. एसक्यूएल आजही त्याच वाटेने चालते. नलला मराठीत शून्य म्हणण्याचा मोह टाळावा, कारण शून्य ही एक निश्चित किंमत आहे, तर नल म्हणजे किंमत नसणे किंवा ठाऊक नसणे.

नल = नल याचे उत्तर सत्य नाही आणि असत्यही नाही, ते अज्ञात आहे. अज्ञातचे नॉट केले तरी ते अज्ञातच राहते. याउलट इज नल आणि इज नॉट नल यांचे उत्तर साध्या किमतींसाठी नेहमी सत्य किंवा असत्य असते. व्हेअरमधून फक्त सत्य ठरलेल्या नोंदी पुढे जातात, म्हणजे तेथे असत्य आणि अज्ञात यांचा परिणाम सारखाच होतो. चेक बंधनात मात्र उलटे आहे: अट अज्ञात ठरली तरी नोंद स्वीकारली जाते, फक्त असत्य ठरली तर नाकारली जाते.

हा फरक एका उदाहरणातून जवळून पाहू. एखाद्या कॉलमवर व्हेअर क्ष = क्ष अशी अट असेल तर ऑप्टिमायझर ती क्ष इज नॉट नल अशी बदलू शकतो. पोस्टग्रेसच्या प्लॅनमध्ये, म्हणजे क्वेरी चालवण्याच्या आराखड्यात, हा बदल प्रत्यक्ष पाहता येतो. क्ष नल असेल तेव्हा मूळ अट अज्ञात होते आणि बदललेली अट असत्य होते, पण व्हेअरच्या वरच्या पातळीवर दोन्हींचा परिणाम एकच असल्यामुळे बदल निर्धोक आहे. आता तोच बदल नॉट (क्ष = क्ष) या अटीच्या आत करून पाहा. क्ष नल असताना मूळ अट अज्ञातच राहते आणि नोंद गळते. बदललेली अट नॉट (क्ष इज नॉट नल) अशी होते, ती सत्य ठरते आणि नोंद उत्तरात येते. बदल तोच आहे, पण एका ठिकाणी तो बरोबर आहे आणि दुसऱ्या ठिकाणी चुकीचा. म्हणून ऑप्टिमायझरच्या कोडमध्ये एखादे सरळीकरण दिसले की पहिला प्रश्न हा विचारावा: हे कोणत्या जागी चालवले जात आहे, आणि त्या जागी असत्य व अज्ञात एकच मानणे चालते का?

पायरी दुसरी: दोष लहान करा

वापरकर्त्याकडून आलेली क्वेरी बहुधा दोनशे ओळींची असते आणि तिच्यामागे मोठी टेबले असतात. ती जशीच्या तशी डीबगरमध्ये घेऊन बसू नका. एकेक जॉइन, एकेक अट, एकेक कॉलम काढत जा आणि प्रत्येक वेळी उत्तर अजून चुकीचेच येते का ते पाहा. अशा दोषांसाठी दोन किंवा तीन नोंदींची दोन टेबले बहुतेक वेळा पुरतात. शेवटी जे उरेल त्याचे अपेक्षित उत्तर कागदावर हाताने काढता आले पाहिजे. ते काढता येत नसेल तर उदाहरण अजून मोठे आहे असे समजावे.

उत्तर चुकीचे आहे याची खात्री करण्याचे काही मार्ग आहेत. पहिला मार्ग असा की व्हेअरमधील अट उचलून सिलेक्टच्या यादीत टाकावी. आपल्या उदाहरणात व्हेअर काढून सिलेक्ट ग्रा.क्रमांक, मा.क्रमांक इज नल असे लिहिले, की जॉइनच्या तिन्ही नोंदी येतात आणि दुसऱ्या कॉलममध्ये त्यांतील दोन ठिकाणी सत्य दिसते. व्हेअरने दोन नोंदी द्यायला हव्या होत्या हे त्यातून सिद्ध होते. हा मार्ग चालतो, कारण अनेकदा ऑप्टिमायझरची काटछाट फक्त गाळणीच्या अटींवर होते, सिलेक्टच्या यादीवर होत नाही.

दुसरा मार्ग त्रिविभाजनाचा आहे: क्वेरी एकदा अटीसह, एकदा अटीच्या नॉटसह आणि एकदा अट इज नल असे लिहून चालवावी. तिन्ही उत्तरांची बेरीज अट नसलेल्या क्वेरीच्या उत्तराइतकी भरली पाहिजे. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून ही पद्धत पुढे आली, आणि एसक्यूएलॅन्सर या साधनाने ती वापरून अनेक डेटाबेसांमधील खरे दोष उघड केले आहेत. तरीही तिच्यावर डोळे मिटून विसंबू नये. आपल्याच दोषावर ती लावून पाहा. इज नल कायम असत्य धरले गेल्यामुळे पहिले उत्तर ० नोंदींचे येते. तिचे नॉट कायम सत्य धरले गेल्यामुळे दुसरे ३ नोंदींचे. तिसरे ० नोंदींचे. बेरीज ३ येते आणि एकूण नोंदीही ३ आहेत. दोष समोर असूनही चाचणी उत्तीर्ण होते, कारण चूक दोन्ही बाजूंना सारख्याच सुसंगतपणे झालेली आहे.

म्हणून या जातीच्या दोषासाठी मला तिसरा मार्ग सर्वांत भरवशाचा वाटतो. त्याच नोंदी असलेले, पण नॉट नल बंधन नसलेले दुसरे टेबल बनवा आणि तीच क्वेरी त्यावर चालवा. साठवलेल्या नोंदी त्याच असतील तर बंधन असण्या-नसण्याने सिलेक्टचे उत्तर बदलता कामा नये. ते बदलले, तर ऑप्टिमायझरने बंधनाचा गैरवापर केला हे निर्विवाद ठरते, आणि शोधाची दिशाही मिळते.

पायरी तिसरी: प्लॅन वाचा

एक्स्प्लेन ही प्लॅन दाखवणारी आज्ञा चालवून तो पाहा. अट कायम असत्य मानली गेली असेल तर पोस्टग्रेससारख्या डेटाबेसात जॉइनच्या जागी फक्त रिझल्ट हा नोड आणि त्याखाली वन-टाइम फिल्टर: फॉल्स असे दिसते. म्हणजे टेबलांना हातही लागलेला नाही. बंधन नसलेल्या टेबलाचा प्लॅन शेजारी ठेवला की जॉइन आणि त्यावरची गाळणी दोन्ही जागेवर दिसतात. अट मुळातच गायब झाली असेल, तर ती कायम सत्य मानली गेली. अट आहे पण जॉइनच्या खाली सरकली आहे, तर दोष वेगळ्या जागी, म्हणजे अट खाली ढकलणाऱ्या भागात आहे. लेफ्ट जॉइनचा इनर जॉइन झाला असेल, तर कुणीतरी चुकीने असे ठरवले आहे की वरची एखादी अट नल भरलेल्या नोंदींना गाळतेच. या चार चित्रांपैकी आपले कोणते, हे ठरवल्याशिवाय कोडमध्ये शिरू नये.

पायरी चौथी: कोडमधील जागा गाठा

दोष पूर्वी नव्हता हे माहीत असेल तर गिट बायसेक्ट वापरावे. ही आज्ञा कमिटांची (कोडमधील नोंदवलेल्या बदलांची) यादी निम्मी-निम्मी करत दोषी बदल शोधते. हजार कमिटांमधून दोषी कमिट सुमारे दहा फेऱ्यांत सापडते. प्रत्येक फेरीत चालणारी छोटी स्क्रिप्ट लिहून गिट बायसेक्ट रनला द्यावी: उत्तर बरोबर आले तर स्क्रिप्टने ० परत करावे, चुकीचे आले तर १, आणि ती आवृत्ती बिल्डच झाली नाही तर १२५, म्हणजे गिट ती आवृत्ती वगळते. हे शेवटचे नवखे लोक विसरतात, आणि मग बिल्ड न होणारे एखादे निरपराध कमिट दोषी ठरते.

कमिट सापडले म्हणजे दोष सापडला असे मात्र नाही. नवीन कमिटाने जुनीच चुकीची माहिती प्रथमच वापरलेली असू शकते. म्हणून मागच्या पावलांनी जा: अट असत्य कोणी ठरवली, त्याने कोणाला विचारले, आणि त्या फंक्शनने कशाच्या आधारावर उत्तर दिले? पोस्टग्रेसमध्ये ही साखळी प्लॅनरच्या (ऑप्टिमायझरचे तेथील नाव) इनिट-स्प्लॅन या फाइलमधील रिस्ट्रिक्शन-इज-ऑलवेज-फॉल्स या फंक्शनपासून सुरू करता येते. दुसऱ्या डेटाबेसात नावे वेगळी असतील, पण ही राशी नल असू शकते का, हा प्रश्न विचारणारे एखादे फंक्शन तेथेही भेटेल.

पायरी पाचवी: दुरुस्ती

सर्वांत सोपी वाटणारी दुरुस्ती म्हणजे अट असत्य ठरवण्याच्या ओळीपूर्वी, क्वेरीत लेफ्ट जॉइन आहे का, अशी तपासणी घालणे. ती करू नका. तिच्यामुळे योग्य ठिकाणची सुधारणाही बंद पडते, आणि हाच प्रश्न विचारणाऱ्या इतर जागा तशाच चुकीच्या राहतात.

का, ते पाहण्यासाठी तीच अट व्हेअरमधून काढून ऑनमध्ये ठेवा: ऑन मा.ग्राहक = ग्रा.क्रमांक अँड मा.क्रमांक इज नल. येथे मा.क्रमांक ही जॉइन होण्यापूर्वीची, टेबलातून थेट आलेली किंमत आहे. ती नल असू शकत नाही, म्हणून अट असत्य धरणे बरोबरच आहे. परिणाम मात्र रिकामे उत्तर हा नाही: कोणाचीच जोडी जुळत नाही, म्हणून तिन्ही ग्राहक उत्तरात येतात आणि प्रत्येकासमोर नल भरले जातात. शब्द तेच, कॉलम तोच, पण जागा बदलली की अर्थ बदलतो. यावरून ऑनमध्ये काटछाट करावी आणि व्हेअरमध्ये करू नये असा नियम करण्याचा मोह होईल. तोही टिकत नाही. मागणीला लेफ्ट जॉइनने जोडल्यानंतर पुढे तिसरे टेबल लेफ्ट जॉइनने जोडले आणि त्याच्या ऑनमध्ये मा.क्रमांक इज नल लिहिले, तर तेथे पोहोचेपर्यंत ती किंमत पहिल्या जॉइनने नल केलेली असू शकते.

खरा उपाय असा की कॉलमच्या प्रत्येक संदर्भाला स्वतःची जागा माहीत असावी, म्हणजे त्याच्या खाली असलेले कोणकोणते बाह्य जॉइन (लेफ्ट जॉइनसारखे, जोडी न मिळाल्यास नल भरणारे) त्याला नल करू शकतात याची नोंद संदर्भासोबतच असावी. पोस्टग्रेसने २०२३ मधील १६ व्या आवृत्तीत ही रचना आणली. प्रत्येक व्हारसोबत, म्हणजे कॉलमच्या संदर्भासोबत, अशा जॉइनांचा संच ठेवला जातो. मग प्रश्नाचे उत्तर दोन तपासण्यांतून मिळते: कॉलम नॉट नल आहे का, आणि तो संच रिकामा आहे का. दोन्हींचे उत्तर होकारार्थी असेल तरच नल असणे अशक्य मानावे. आपल्या दोषात बहुधा दुसरी तपासणी राहून गेलेली असते, आणि दुरुस्ती तीन-चार ओळींची निघते.

ते फंक्शन लिहिताना त्याच्या उत्तराचा अर्थ नीट ठरवा. त्याने एकतर नक्की नल नाही असे म्हणावे, किंवा सांगता येत नाही. दुसऱ्या उत्तराचा अर्थ नल आहे असा कधीही होऊ नये. शंका आली की दुसरे उत्तर द्यावे. त्यामुळे एखादी क्वेरी थोडी हळू चालेल, पण चुकीचे उत्तर जाणार नाही. या दोहोंत निवड करायची वेळ आली तर हळू क्वेरीच पत्करावी, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

आता ज्या सापळ्यांत अनुभवी लोकही अडकतात ते पाहू. बाह्य जॉइन हा नल निर्माण करणारा एकमेव घटक नाही. रोलअप आणि ग्रुपिंग सेट्स हे एकूण बेरजेच्या नोंदीत नॉट नल कॉलमही नल करतात, त्यामुळे हॅविंगमधील इज नल तेथे खरोखर सत्य ठरू शकते. नॉट नल कॉलमवरील सम एकही नोंद नसताना नल देते. एकही नोंद न मिळालेली स्केलर सबक्वेरीही नल देते. फंक्शनच्या बाबतीत तर उलटी समजूत फार रुजलेली आहे: फंक्शन स्ट्रिक्ट आहे म्हणजे नल इनपुट दिले की नल आउटपुट येते, इतकेच. नल नसलेल्या इनपुटवर ते नल देणार नाही अशी हमी त्यात नाही.

बंधनही जसे दिसते तसे नेहमी नसते. पोस्टग्रेसच्या टेबल इनहेरिटन्समध्ये मूळ टेबलाचे नॉट नल वारस टेबलांना लागू असेलच असे नाही, आणि मूळ टेबलावरील साधी क्वेरी वारसांच्याही नोंदी वाचते. २०२५ मधील १८ व्या आवृत्तीपासून नॉट नल बंधन नॉट व्हॅलिड म्हणूनही घालता येते, म्हणजे बंधन आहे पण जुन्या नोंदी तपासलेल्या नाहीत. प्लॅनरने अशा बंधनावर विसंबून चालणार नाही. एसक्यूलाइटमध्ये एका जुन्या चुकीमुळे साध्या टेबलाच्या प्रायमरी की कॉलममध्येही नल साठवता येतो, आणि जुने डेटाबेस मोडू नयेत म्हणून ते वर्तन तसेच ठेवले आहे. इंटिजर प्रायमरी की, विदाउट रोआयडी आणि स्ट्रिक्ट टेबले याला अपवाद आहेत. मायएसक्यूएलमध्ये नॉट नल असलेल्या डेट कॉलममध्ये ००००-००-०० अशी तारीख असेल, तर इज नल तिला जुळते, आणि हे तेथील दस्तऐवजांत लिहिलेले वर्तन आहे. पोस्टग्रेसमध्ये संपूर्ण रो-टाइप किमतीवर इज नॉट नल ही इज नलची उलट बाजू राहत नाही: काही घटक नल आणि काही नल नसलेले असतील तर दोन्ही अटी असत्य ठरतात. म्हणून नॉट आणि इज नल यांचे इज नॉट नल करणारे सरळीकरण तेथे थांबले पाहिजे.

आणखी एक बाब, जी परीक्षणात हमखास विचारली जाते: प्लॅन साठवून ठेवलेला असताना कुणी नॉट नल बंधन काढून टाकले तर काय होते? बंधनावर आधारलेला साठवलेला प्लॅन त्या क्षणी रद्द झाला पाहिजे. प्रिपेअर केलेली क्वेरी चालवून, बंधन काढून, नल असलेली नोंद घालून, पुन्हा तीच क्वेरी चालवून हे स्वतः तपासा.

पायरी सहावी: चाचण्या

चाचणी आधी दुरुस्ती न केलेल्या बिल्डवर चालवा आणि ती नापास होते हे डोळ्यांनी पाहा. ती तेथेही उत्तीर्ण होत असेल तर ती या दोषाची चाचणी नाही. त्यानंतर दुरुस्तीसह चालवा. पोस्टग्रेसमध्ये या विषयाच्या चाचण्या रिग्रेशन संचातील प्रेडिकेट नावाच्या फाइलमध्ये आहेत. तेथेच भर घालावी, नवी फाइल काढू नये.

फक्त प्लॅनची चाचणी पुरत नाही, कारण प्लॅन पुढे योग्य कारणानेही बदलेल. फक्त उत्तराचीही पुरत नाही, कारण रिकाम्या टेबलांवर चुकीचा प्लॅनही बरोबर उत्तर देतो. म्हणून टेबलांत नोंदी घालायला विसरू नका. व्हेअरमधील अट, पहिल्या जॉइनच्या ऑनमधील अट, दुसऱ्या जॉइनच्या ऑनमधील अट, आणि यांतील प्रत्येकीचे नॉट व ऑरमध्ये गुंतवलेले रूप एवढे तरी असावे. याखेरीज एकाच टेबलावरील साध्या क्वेरीत काटछाट अजूनही होते हे दाखवणारी चाचणी आवर्जून ठेवा. ती नसेल तर सुधारणा पूर्ण बंद करणारी दुरुस्तीही सर्व चाचण्या उत्तीर्ण होईल.

पायरी सातवी: पाठवणे

कमिटच्या संदेशात तीन नोंदींचे ते लहान उदाहरण, आलेले उत्तर, अपेक्षित उत्तर आणि चुकीचे गृहीतक कोणते होते हे सलग वाक्यांत लिहा. चुकीचे उत्तर देणारा दोष असल्यामुळे तो कोणत्या आवृत्तीपासून आहे हे बायसेक्टच्या आधारे नमूद करा, म्हणजे दुरुस्ती कोणत्या जुन्या शाखांमध्ये न्यायची हे परीक्षकांना ठरवता येईल. जुन्या शाखांत संदर्भासोबत जॉइनांचा संच ठेवण्याची सोय नसेल, तर तेथे दुरुस्ती वेगळी लिहावी लागते; अशा वेळी बाह्य जॉइनच्या नल होऊ शकणाऱ्या बाजूला असलेल्या टेबलांपुरती काटछाट बंद ठेवणे हा तेथील प्रामाणिक मार्ग आहे, आणि तसे संदेशात स्पष्ट लिहावे.